मागच्या सीटचे मानकरी

कार्ल बेन्झने १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या डोक्यात इंजिन होतं, चाकं होती, इंधन होतं; मागे कोण बसणार हा प्रश्न नव्हता. गाडी तीन चाकांची आणि एका बाकाची. बाकावर दोन माणसं मावत, एक चालवणारं आणि एक ‘जरा हळू घ्या’ म्हणणारं. दोन वर्षांनी त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता गाडी काढून मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी, निघाली. माहेरी जायचं म्हटल्यावर दोन मुलगे बरोबर आलेच. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास असा मुलाबाळांसकट झाला. चढ लागला की मुलं उतरून गाडी ढकलत. गाडीत एखादं माणूस जास्त घेण्याचा हा फायदा पुढे आपल्याकडे ॲम्बॅसिडरच्या मालकांनीही पुरेपूर घेतला.

या जास्तीच्या माणसाला बसवायचं कुठे, यावर पुढची काही वर्षं मोटार बनवणाऱ्यांनी जे प्रयोग केले ते पाहिले तर वाटतं, यांच्याकडे कधी पाहुणे येतच नसावेत. फ्रान्समधल्या द दियाँ-बूताँ कंपनीने १९०० च्या सुमारास त्याला चक्क पुढे बसवलं, तेही चालकाकडे तोंड करून. चालकाला रस्त्याऐवजी पाहुणे दिसत आणि पाहुण्यांना रस्त्याऐवजी चालक. येणारी बैलगाडी चालकाने दोन टोप्यांमधल्या फटीतून पाहायची आणि पाहुण्यांनी ती चालकाच्या चेहऱ्यावर वाचायची. गप्पांना मात्र ही रचना उत्तम होती.

मग त्यांना मागे हलवलं. आता नवीन अडचण उभी राहिली. गाडी इतकी आखूड होती की पुढची सीट संपली की लगेच मागचं चाक सुरू. चाकाला फिरवणारी साखळीही तिथेच बाजूला. दार करायला जागाच नाही. तेव्हा दार केलं पाठीमागे. अर्ध्या पिंपाच्या आकाराची एक बैठक, तिच्या बरोबर मध्ये छोटंसं दार आणि दाराखाली पायरी. पाहुण्यांनी गाडीच्या पाठीमागे जायचं, भर रस्त्यात उभं राहायचं आणि तिथून वर चढायचं. तो काळ घोडागाड्यांचा. लंडन-पॅरिसच्या रस्त्यांवर घोडे काय मागे ठेवून जात हे सांगायला नको. पायघोळ झगा घातलेल्या बाईने त्यातून वाट काढत मोटारीत बसायचं, म्हणून शहाणे मालक गाडी उलटी आणून तिचा पार्श्वभाग फुटपाथला लावत. म्हणजे गाडी मागे नेण्याची विद्या चालकाला केवळ सासूबाईंसाठी शिकावी लागली. काही कंपन्यांनी यावरही तोड काढली आणि चालकाशेजारची सीटच दारासारखी बाहेर उघडणारी केली. तिच्यावरचा माणूस आधी उतरणार, सीट फिरणार, मागचे चढणार, सीट परत फिरणार, मग तो चढणार. नाटक कंपनीचा पडदाही इतका वेळ घेत नसेल. १९०५ च्या आसपास कोणीतरी गाडीच थोडी लांब करायचं ठरवलं आणि बाजूला दार आलं. इतका साधा उपाय सुचायला इतकी वर्षं लागली, कारण ठरवणारा माणूस पुढे बसत होता.

मागच्या सीटचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर चालतो: मालक बसतो कुठे?

मालक मागे बसू लागला आणि काय तो चमत्कार झाला! पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे श्रीमंतांनी पगारी ड्रायव्हर ठेवले, स्वतः मागे सरकले आणि मागच्या भागाचं दिवाणखान्यात रूपांतर झालं. रेशमी पडदे, फुलदाणी, पायाखाली लोकरीचा गालिचा, टेकायला हात, ड्रायव्हरला हुकूम सोडायला बोलण्याची नळी. समोर दुमडून ठेवलेल्या दोन छोट्या सीट असत. त्या सेक्रेटरीसाठी किंवा न आवडणाऱ्या मेहुण्यासाठी. या गाड्यांत ड्रायव्हरच्या डोक्यावर बहुधा छप्पर नसे. पाऊस आला तर तो भिजे. म्हणून त्याची सीट चामड्याची आणि मालकाची मऊ लोकरी कापडाची. आज शोरूममधला पोरगा ‘सर, प्युअर लेदर’ असं सांगतो तेव्हा मला त्या भिजलेल्या ड्रायव्हरची आठवण होते. चामडं ही तेव्हा नोकराची गादी होती, पुसून काढता येते म्हणून.

आपले संस्थानिक यात मागे राहणं शक्यच नव्हतं. हैदराबादच्या निजामाची पिवळी रोल्स-रॉइस चौमहल्ला राजवाड्यात अजून पाहायला मिळते. तिच्या मागच्या भागात सीट नाहीच, सिंहासन आहे. बाकीच्यांपेक्षा उंच आणि एकट्याचं. अंबारीतून हिंडणाऱ्या घराण्याला मोटारीत बसल्यावर उंची कमी झालेली कशी चालणार? लोकांना महाराज दिसले पाहिजेत, महाराजांना पुढचा रस्ता दिसला नाही तरी चालेल. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, पण तिथल्या खड्ड्यांतून हे सिंहासन कधी गेलं असेल असं मला वाटत नाही. गेलं असतं तर रस्ते नाही तर सिंहासन, दोहोंपैकी एक नक्की बदललं असतं.

त्या गाड्या इतक्या उंच का, हे समजून घ्यायला वाकून खाली पाहावं लागतं. खाली लोखंडाची शिडीच्या आकाराची चासी, तिच्याखाली ॲक्सल, आणि या सगळ्याच्या वर लाकडी सांगाड्याची खोली ठेवलेली. साहजिकच जमीन खूप खाली राही, म्हणून बाजूने लांब फूटबोर्ड. चढणं अवघड होतं, पण एका अर्थी प्रतिष्ठेचं होतं. माणूस आधी फूटबोर्डवर उभा राही, चारी बाजूंनी नजर टाकी, मग आत जाई. दारं उंच, छत उंच, त्यामुळे वाकायची वेळ येत नसे. उतरतानाही तेच. आजच्या गाडीतून मंत्रिमहोदय उतरतात तेव्हा प्रथम दर्शन टकलाचं होतं. त्या काळी प्रथम बूट दिसत आणि मग क्रमाक्रमाने महाराज.

दुखणं वेगळंच होतं. मागची सीट बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर. खड्ड्यात चाक गेलं की पाट्यांमधून, सीटच्या स्प्रिंगांमधून आणि काथ्यातून वाट काढत तो धक्का थेट मालकाच्या मणक्यात पोचे. एवढे पडदे, एवढी फुलदाणी, आणि खाली हा प्रकार. यावर खरा विचार केला तो अमेरिकेत कार्ल ब्रीअर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लोमध्ये त्यांनी इंजिन पुढच्या ॲक्सलवर सरकवलं आणि मागची सीट मागच्या ॲक्सलच्या पुढे घेतली. मागे बसणारा दोन चाकांच्या मध्ये आला, म्हणजे झुल्याच्या दोरीवरून पाटावर आला म्हणायचं. गाडी मऊ चालली. आणि खपली नाही! तिचं नाक लोकांना आवडलं नाही. गाडी विकत घेणारे बाहेरून बघतात आणि आयुष्यभर आतून बसतात, हे जे स्थळ पाहण्याच्या बाबतीत आपल्याकडे चालतं, तेच तिकडे मोटारीच्या बाबतीत चाललं.

एव्हाना मालक स्वतः गाडी चालवू लागला होता. झालं. मागच्या माणसाचे दिवस फिरले. विसाव्या शतकाच्या विशीत-तिशीत दोन माणसांच्या झोकदार गाड्यांना मागे डिकीत एक सीट असे. झाकण उघडलं की तीच पाठ. वर छप्पर नाही, बाजूला दार नाही. चढायचं कसं? मागच्या बंपरपाशी रुपयाच्या नाण्याला चारपाच पटींनी मोठं केल्यासारखी एक गोल चकती, तिच्यावर एक पाय. मडगार्डवर दुसरी चकती, तिच्यावर दुसरा पाय. मग घोड्यावर टांग टाकतात तशी टांग टाकून आत. उतरताना हेच उलट्या क्रमाने, चकती न दिसता. इंग्रज लोक या जागेला थट्टेने सासूची सीट म्हणत, यात त्यांच्या घरगुती राजकारणाचा सगळा सारांश आला.

पण गंमत पाहा. आधी ड्रायव्हर पावसात आणि मालक मागे कोरडा. आता मालक पुढे कोरडा आणि पाहुणे मागे पावसात. मोटारीतली जागा बदलली, छत्री कोणाच्या डोक्यावर धरायची हे बदललं नाही.

चढण्या-उतरण्याची सोय करणारं एक दार मात्र त्या काळात होऊन गेलं. मागच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार उघडलं की सीट पूर्ण मोकळी समोर येते. पाठ करायची, बसायचं, पाय आत घ्यायचे. यापेक्षा सोपं काही असू शकत नाही. पण चालत्या गाडीत हे दार थोडं जरी निसटलं, तर वारा ते सताड उघडतो आणि ओढून घ्यायला हात पुढे केलेला माणूस दाराबरोबर बाहेर जातो. पट्टे तेव्हा नव्हतेच. लोकांनी त्याला ‘सुसाइड डोअर’ नाव दिलं आणि हळूहळू कंपन्यांनी ते सोडून दिलं. बसायला सोपं ते पडायलाही सोपं, असा तो हिशोब.

तरी १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेन्टलमध्ये ते परत आलं आणि का आलं ते ऐकण्यासारखं आहे. नमुन्याच्या गाडीत इंजिनिअर मागे बसून उतरून पाहत होते आणि उतरताना प्रत्येकाची लाथ दाराला लागत होती. आपल्याकडे असं झालं असतं तर ‘पाय जरा जपून काढा’ अशी पाटी लागली असती. त्यांनी दाराच्या बिजागऱ्याच उलट्या बाजूला नेल्या. मागच्यांच्या गुडघ्यांना जागा मात्र पुरेना, म्हणून तीन वर्षांनी गाडी तीन इंचांनी लांब केली. इंजिनिअर स्वतः मागे बसले की काय होतं याचं मला माहीत असलेलं हे सर्वात चांगलं उदाहरण.

उलटं उदाहरण क्रायस्लरच्याच केलरसाहेबांचं. के. टी. केलर हे कंपनीचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, सभ्य गृहस्थाला डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. १९४९ च्या त्यांच्या गाड्या तशाच निघाल्या, उंच छपराच्या आणि खुर्चीच्या उंचीच्या सीटच्या. बसायला झकास, पण शेजारी उभ्या असलेल्या बुटक्या, लांब, चकचकीत गाड्यांपुढे अगदीच हेडमास्तर दिसायच्या. फोर्डने कंपनीला मागे टाकलं. १९५५ मध्ये व्हर्जिल एक्सनरने सगळं बुटकं आणि देखणं करून दिलं तेव्हा खप वाढला. पुढे लोकांनी हॅट घालणंच सोडलं आणि वादच मिटला. माझं मत अजूनही केलरच्या बाजूने आहे. हॅट गेली, पण हॅटखालचं डोकं आहे तिथेच आहे आणि ते अजून छताला लागतं.

युरोपात याच सुमारास दोन टोकं दिसतात. फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पियेर-ज्यूल बुलान्जेने खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी गाडी मागितली: माणसं आणि पन्नास किलो बटाटे वाहून नेणारी, नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतली अंडी न फोडणारी. १९४८ मध्ये लोकांपुढे आलेल्या त्या टू सीव्हीच्या सीट म्हणजे नळ्यांच्या चौकटीवर ताणलेलं कापड, पण त्यावर बसून हाडं खिळखिळी होत नसत. मागची सीट काढून घेता येई आणि झाडाखाली टाकून त्यावर बसून जेवता येई. ज्या गाडीची मागची सीट गाडीच्या बाहेरही आरामशीर असते, तिच्या करणाऱ्याला मी मानतो.

दुसरं टोक जर्मनीत, त्सुंडाप कंपनीची १९५७ ची यानुस. पुढे एक दार, मागे एक दार, मध्ये इंजिन, आणि पुढचे व मागचे एकमेकांकडे पाठ करून. मागच्यांनी मागच्या दाराने चढायचं आणि गेलेला रस्ता पाहत बसायचं. पुण्या-मुंबईत टांग्याने फिरलेल्या पिढीला यात नवीन काही वाटलं नसतं. टांग्यातही मागे बसणाऱ्याचं तोंड मागेच असे. आपण कुठे चाललोय हे त्याला पोचल्यावर कळे. फरक इतकाच की टांग्यातून उडी मारून उतरता येई. यानुसच्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला मागून येणारा ट्रक सबंध प्रवासभर स्वच्छ दिसत राही. जेमतेम वर्षभर गाडी निघाली.

आता आपल्या आळीत या. आपल्याकडे १९५० च्या दशकात फियाटची जी ११०० आली, तिच्या आकारावरून मुंबईने तिचं नाव ‘डुक्कर फियाट’ पाडलं. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. म्हणजे बसायला सोपं ते दार पुढच्यांना मिळालं, मागच्यांचं नेहमीचंच. तिचीच पुढची पिढी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, जी मुंबईची काळी-पिवळी झाली. ॲम्बॅसिडर ही मूळची इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड. ती १९५७ पासून बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनू लागली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली.

ॲम्बॅसिडरच्या मागच्या सीटचं काय वर्णन करावं! पाठ टेकून बसलं की पाय पुढच्या सीटला लागत नसत, हे आज सांगितलं तर मुलं विश्वास ठेवत नाहीत. उंची अशी की गुडघे काटकोनात राहत. सरकारी गाडी असेल तर पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. कोणत्या बाजूचा टॉवेल जास्त मळला आहे यावरून साहेब कुठे बसतात ते कळे. खाजगी गाडीत टॉवेलच्या जागी भरतकाम केलेलं कव्हर आणि त्यावर माणसं. किती माणसं, हे त्या घराच्या नातेसंबंधांवर अवलंबून. मुलं मोजायची पद्धतच नव्हती. जावई खिडकीशी, सासरे दुसऱ्या खिडकीशी आणि मध्ये, जिथे खालून शाफ्ट जातो त्या टेकाडावर पाय फाकून, धाकटा मेहुणा. त्याला टेकायला पुढच्या सीटची पाठ, धरायला पुढच्याची कॉलर. दहा-बारा वर्षांत सीटचा काथ्या दबे, मधल्या स्प्रिंगा बसत आणि एक गोडसा खड्डा पडे. मग जावई आणि सासरे दोन टोकांना बसले तरी पहिल्याच वळणावर मेहुण्यावर एकत्र येत. अनेक घरांतले अबोले या खड्ड्याने मिटवले असतील. मे महिन्यात रेक्झीनला चिकटलेल्या मांड्या सोडवून घेताना जो आवाज होई तो ज्याने ऐकला तो ऐकला.

आमची आत्या नऊवारी नेसायची. ॲम्बॅसिडरमध्ये बसण्याची तिची एक ठरलेली पद्धत होती. दार पूर्ण उघडायला लावायची, गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेवर टेकायची, मग एका हाताने काष्टा सावरत दोन्ही पाय उचलून आत. आधी बूड, मग डोकं, मग पाय. मोटारीच्या अभ्यासकांनी उतारवयातल्या माणसांसाठी हीच पद्धत सांगितली आहे, फक्त त्यांना त्यासाठी सांगाडे आणि तक्ते लागतात. सीट माणसाच्या बुडाच्या उंचीवर येत असेल तर बसायला ना चढावं लागतं ना उतरावं लागतं. इतकंच ते शास्त्र.

पुढे आमच्या एका स्नेह्यांनी जुनी दोन दारांची गाडी हौसेने दुरुस्त करून घेतली आणि आत्याला चक्कर मारायला बोलावलं. मागे बसायला पुढची सीट पुढे पाडायची आणि त्या फटीतून आत शिरायचं.

“आत्याबाई, आधी डोकं आत घ्या. मग डावा पाय.”

“डोकं आत घेतलं की पाय दिसत नाही हो मला.”

“मी धरतो ना.”

“पायाला हात लावू नका. अरे,” हे मला, “माणसाने या गाडीत जायचं असतं की त्याला भरायचं असतं?”

दहा मिनिटांनी आत्या आत बसली. चक्कर झाली. घरापाशी गाडी थांबली, स्नेह्यांनी अदबीने सीट पाडली. आत्याने त्या फटीकडे एकदा पाहिलं.

“चहा इथेच द्या,” ती म्हणाली.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आता मी मुद्दाम मागची सीट पाहत असतो. क्रोम चमकत असतं, टायरला पांढऱ्या कडा असतात, मालक बॉनेट उघडून उभे असतात आणि गर्दी तिथेच. मागच्या सीटवर दोरी बांधलेली असते, ‘कृपया बसू नये’. कापड मूळचं आहे, फाटेल. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं सगळं केलं होतं त्यांनाच आता तिथे बसायला बंदी. आणि बसूही नयेच म्हणा, त्यातल्या निम्म्या गाड्यांत आत गेलेला माणूस मदतीशिवाय बाहेर येत नाही.

मागच्या माणसाची खरी कदर केली ती टॅक्सीने, कारण टॅक्सीत मागे बसणारा पैसे देतो. लंडनची १९५८ ची ऑस्टिन एफएक्स फोर घ्या: सपाट जमीन, उंच छत, समोर दुमडणाऱ्या सीट, आणि तीच ती मागे बिजागऱ्यांची दारं. १९८९ पासून तर तिथल्या नव्या टॅक्सीत चाकाची खुर्ची शिरलीच पाहिजे असा नियम झाला. आपली पद्मिनी इतकी ऐसपैस नव्हती, पण छताला फुलाफुलांचं कापड आणि वर कॅरिअरला तीन ट्रंका असा तिचा थाट होता. मागच्या दाराला चाकाची कमान कापत जाई आणि साडीचा पदर तिथल्या धुळीला हमखास लागे. त्यावर ड्रायव्हरकडे एक फडका असायचा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर तिला परवाना राहिला नाही.

जुनी गाडी विकत घ्यायच्या विचारात असाल तर एक करा. इंजिनाचा आवाज मागाहून ऐका. घरातलं सर्वात वयस्क माणूस बरोबर न्या, मागचं दार उघडा आणि त्यांना बसवा. गाडी विकणारा म्हणेल, ‘बघा, किती आरामात बसले!’ त्याचं ऐकू नका. त्याला म्हणावं, आता त्यांना बाहेर काढून दाखव.